फाटलेली महारोहिणी आणि मोजलेल्या घटका

इ. स. १७६० चा ऑक्टोबर महिना उतरणीला लागला होता. इकडे अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून भाऊसाहेबांच्या फौजेच्या पिछाडीवर येत होता. तिकडे लंडनात, केन्सिंग्टनच्या राजवाड्यात, इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज २५ तारखेच्या सकाळी नित्याप्रमाणे उठला, चॉकलेटचा पेला प्याला आणि शौचाला गेला. थोड्या वेळाने आतून काही पडल्याचा आवाज आला. हुजऱ्या धावत जाऊन पाहतो, तो महाराज जमिनीवर कोसळलेले. वय वर्षे ७६. उपचाराला सवडच मिळाली नाही.

पानिपतावर आमच्या पिढ्यांनी पुष्कळ वाचले आणि पुष्कळ ऐकले आहे. आज आम्ही श्रोत्यांना त्या दुसऱ्या मृत्यूकडे नेऊ इच्छितो. त्याने राज्य उलथले नाही, गादीवर नातू बसला एवढेच. परंतु माणूस नेमका कशाने मरतो, हे शोधण्याच्या इतिहासात त्या सकाळीने एक पान जोडले.

राजाचे वैद्य फ्रँक निकोल्स यांनी शवविच्छेदन केले आणि जे दिसले ते रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' या ग्रंथमालेत नमूद केले. हृदयाभोवतीची पिशवी गोठलेल्या रक्ताने तट्ट भरली होती. हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रोहिणीला, म्हणजे महारोहिणीला, आतल्या बाजूने सुमारे दीड इंच लांबीची आडवी चीर गेली होती आणि त्या चिरेतून रक्त बाहेरच्या वेष्टनाखाली शिरले होते. हृदय धडधडण्याचा यत्न करीत होते, पण त्याला फुलायला जागाच उरली नव्हती. राजाच्या मृत्यूचे कारण यापेक्षा स्पष्ट शब्दांत आजचा डॉक्टरही सांगणार नाही.

हा रोग काय आहे, ते साध्या शब्दांत सांगू. महारोहिणीची भिंत तीन थरांची असते. आतले पातळ अस्तर, मधला जाड लवचीक थर आणि बाहेरचे वेष्टन. अस्तर लावलेल्या पिशवीला आतून चीर पडली, की वस्तू अस्तर आणि कापड यांच्यामध्ये घसरत जाते, तसेच येथे होते. वर्षानुवर्षांचा वाढलेला रक्तदाब, किंवा मधल्या थराची जन्मजात दुर्बलता, यांमुळे अस्तर फाटते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त त्या फटीत घुसते आणि थर उसवीत पुढे जाते. वाटेत मेंदूकडे, हातांकडे, मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या शाखा दाबल्या जातात. आणि बाहेरचे वेष्टन फुटले, की खेळ संपला.

निकोल्सनंतर इटलीत मोर्गान्यी या एकोणऐंशी वर्षांच्या पंडिताने १७६१ साली रोगांची स्थाने आणि कारणे सांगणारा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १८१९ साली स्टेथोस्कोपचा जनक लाएनेक याने या विकाराला नाव दिले. पण नाव मिळाले म्हणून उपाय मिळाला असे नव्हे. जवळजवळ दोनशे वर्षे हा रोग शवविच्छेदनाच्या टेबलावरच ओळखला जात राहिला. १९३४ साली स्कॉटलंडच्या थिओडोर शेनन यांनी सुमारे तीनशे रुग्णांच्या नोंदी एकत्र करून त्यांची छाननी केली. तीही मुख्यतः मृतांचीच खानेसुमारी होती.

येथे इतिहासाच्या अभ्यासकाने क्षणभर थांबले पाहिजे. आकडा कोणी मोजला आणि कोणाला मोजले, हा आपला नेहमीचा प्रश्न. बखरीतली सैन्यसंख्या वाचताना आपण जशी सावधगिरी बाळगतो, तशीच येथेही हवी. १९५८ साली हर्स्ट आणि त्यांचे सहकारी यांनी ५०५ रुग्णांची माहिती जमवली. उपचार न झालेल्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा पहिल्या चोवीस तासांतच गेला, असे त्यांतून दिसले. अशा संग्रहांवरून वैद्यकाच्या वर्गांत एक सूत्र रूढ झाले : महारोहिणी हृदयाजवळ फाटली, तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरांत एक किंवा दोन रुग्ण दगावतात. आपल्याकडे घटका भरली असे म्हणतात. येथे घटकापात्रातले पाणीच मोजून ठेवलेले होते.

तोवर उपाय मात्र जन्माला आला होता. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे मायकेल डीबेकी या शल्यविशारदाने १९५४ साली फाटलेली महारोहिणी शस्त्रक्रियेने दुरुस्त करून दाखवली. रोहिणीचा तुकडा बदलण्यासाठी त्यांनी डेक्रॉनच्या कापडाच्या नळ्या केल्या. पहिल्या नळ्या तर त्यांनी घरच्या शिवणयंत्रावर स्वतः शिवल्या. शिवणकाम त्यांना आईने लहानपणी शिकवले होते. १९६५ साली मायरन व्हीट यांनी दुसरी वाट दाखवली : रक्तदाब आणि ठोक्याचा जोर औषधांनी उतरवावा, म्हणजे चीर वाढत नाही. १९७० साली स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी या रोगाची सोपी विभागणी केली. हृदयातून वर जाणारा भाग फाटला असेल, तर तो 'अ' प्रकार, येथे शस्त्रक्रिया तातडीची. तो भाग शाबूत असेल, तर 'ब' प्रकार, येथे गुंतागुंत नसल्यास औषधांवर भिस्त.

मग १९९६ साली अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू केली. आता जिवंत दाखल होणाऱ्यांची मोजणी होऊ लागली. २००० साली तिच्यातील पहिल्या ४६४ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. एकंदर २७.४ टक्के रुग्ण रुग्णालयातच मरण पावले. 'अ' प्रकारात ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांच्यातील मृत्यू २६ टक्के, ज्यांच्यावर झाली नाही त्यांच्यातील ५८ टक्के. 'ब' प्रकारात नुसत्या औषधांवर असलेल्यांतील मृत्यू सुमारे ११ टक्के.

मृत्यू कोणाला गाठतो, हे २००२ साली त्याच नोंदवहीतून 'अ' प्रकारापुरते अधिक स्पष्ट झाले. वय सत्तरीचे किंवा त्यापुढचे. दुखण्याची सुरुवात एकाएकी. रक्तदाब कोसळणे किंवा हृदयाभोवती रक्त साचणे. मूत्रपिंडे बंद पडणे. हातापायाची नाडी न लागणे. आणि हृदयाच्या विद्युत्-आलेखात बिघाड. यांत मूत्रपिंडांचे पारडे सर्वांत जड ठरले. ही यादी यदृच्छेने झालेली नाही. एक वय सोडले, तर तिच्यातील बहुतेक कलमांतून फाटण्याचा जोर कळतो, किंवा फाटलेला थर शरीरात कोठवर पोहोचला याचा माग लागतो. ही यादी हाती घेऊन आम्ही निकोल्सचा कागद पुन्हा वाचला. सत्तरी ओलांडलेले वय आणि हृदयाभोवती साचलेले रक्त, अशी दोन कलमे दुसऱ्या जॉर्जच्या नावापुढे १७६० सालीच लिहून ठेवलेली होती.

स्त्रियांविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. २००४ साली १,०७८ रुग्णांची छाननी झाली, तेव्हा त्यांत स्त्रिया तिसऱ्या हिश्शाहून थोड्या कमी होत्या. परंतु त्या वयाने अधिक होत्या, त्यांचे निदान उशिरा झाले होते आणि शस्त्रक्रियेनंतर दगावण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त होते. वय हा निसर्गाचा भाग झाला. निदानाला लागलेला उशीर मात्र माणसांचा आहे.

या उशिराचे एक ठरावीक कारण आहे. छातीत कळ आली, की सर्वांना हृदयविकाराचा झटका आठवतो. दोन्ही दुखण्यांचे रूप सारखे, पण उपचार उलटे. झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध प्राण वाचवते; महारोहिणी फाटली असता तेच औषध घात करू शकते.

२०२२ साली नोंदवहीने जुने सूत्रही पुन्हा तपासले. शस्त्रक्रिया न झालेल्या 'अ' प्रकारच्या रुग्णांपैकी पहिल्या ४८ तासांत २३.७ टक्के गेले, म्हणजे तासाला सुमारे अर्धा टक्का. शस्त्रक्रियेच्या वाटेवर असलेल्यांतील प्रमाण ४.४ टक्के. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होत नाही ते पुष्कळदा आधीच अधिक खंगलेले असतात, तेव्हा ही तुलना निखळ नव्हे. शिवाय जे वाटेतच जातात, ते कोणत्याही नोंदवहीत नाहीत. तरीही दिशा उघड आहे.

शेवटी पुन्हा डीबेकींकडे वळू. ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांच्या छातीत एकाएकी भयंकर कळ उठली. काय झाले ते त्यांनी स्वतःच ओळखले. त्यांनीच केलेल्या वर्गवारीतला तो दुसरा प्रकार होता. त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली आणि आठवडे गेले. प्रकृती ढासळून शुद्ध हरपू लागली, तेव्हा त्यांच्याच रुग्णालयातील भूलतज्ज्ञ हात लावायला तयार होईनात. नीतिविषयक समितीला बसून निर्णय द्यावा लागला. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी त्यांचीच पद्धत वापरून त्यांची महारोहिणी दुरुस्त केली. कित्येक महिने रुग्णालयात काढून ते घरी गेले आणि पुन्हा कामाला लागले. ११ जुलै २००८ रोजी, शंभरीला दोन महिने उणे असता, त्यांनी देह ठेवला.

यावरून यादी खोटी ठरली असे कोणी म्हणू नये. त्या वयाचे किती रुग्ण अशा शस्त्रक्रियेतून उठतील, हे सांगायला ज्योतिषी नको. पण यादी म्हणजे कपाळीचे लिखितही नव्हे. कोणासाठी अधिक धावले पाहिजे एवढेच ती सांगते. दुसऱ्या जॉर्जच्या वैद्याला फक्त कारण लिहिता आले. आपल्याला वेळ मिळू शकतो. छातीत किंवा पाठीत काही फाटल्यासारखी कळ एकाएकी उठली, तर पित्त म्हणून सोडा घेऊन पडून राहू नये. रुग्णालय गाठावे, आणि दोन्ही हातांची नाडी व रक्तदाब पाहा, असे निःसंकोच म्हणावे. वाढलेला रक्तदाब त्याआधीच आटोक्यात ठेवावा. अडीचशे वर्षांच्या या शोधातून सामान्य माणसाच्या पदरात पडलेले शहाणपण ते एवढेच. पण ते वेळेवर वापरले, तर पुरेसे आहे.