वतन, नांगर आणि तलवार

मावळ्यांना ‘महाराष्ट्राचे सामुराई’ म्हणण्याची हौस अलीकडे वाढली आहे. मी मुळशी तालुक्यातला, त्यामुळे ते ऐकून बरेही वाटते. मात्र दोन्हीकडचा इतिहास शेजारी ठेवून वाचला, की हे साम्य आरंभापुरतेच असल्याचे लक्षात येते.

जपानच्या सम्राट कान्मूने ७९२ मध्ये बहुतेक प्रांतांतली सक्तीची सैन्यभरती बंद केली. पुढे दरबारी उमराव राजधानीत राहू लागले आणि त्यांच्या दूरच्या जमिनी राखायला हत्यारबंद स्थानिक घराणी पुढे आली. ११८५ मध्ये मिनामोतो योरितोमोला अशा जमिनींवर ‘जितो’ नेमण्याचा अधिकार मिळाला. जितोने सारा वसूल करायचा, बंदोबस्त ठेवायचा आणि उत्पन्नातला वाटा घ्यायचा. हे पदही वंशपरंपरेने चालू लागले. आपल्या देशमुखाचे वर्णन याहून फारसे वेगळे होणार नाही.

पौड मावळात ढमाले, मुठे खोऱ्यात मारणे, मोसे खोऱ्यात पासलकर ही देशमुख घराणी. राज्य निजामशाहीचे असो की आदिलशाहीचे, या डोंगरांत प्रत्यक्ष अंमल त्यांचाच चाले. चार महिने कोसळणारा पाऊस, भाताची खाचरे, उतारावरची नाचणी-वरई आणि कोकणात उतरणाऱ्या घाटवाटा असा हा मुलूख. पीक घरात आले की माणसे रिकामी होत आणि तोच मोहिमांचा हंगाम असे. देशमुखाच्या पदरचा शिपाई बहुधा त्याच्याच खोऱ्यातला शेतकरी होता.

या व्यवस्थेचा जीव वतनात होता. १६५९ मध्ये अफजलखान चालून आला, तेव्हा आदिलशाही फर्माने मावळच्या देशमुखांना गेली. रोहिड खोऱ्यात उत्रोळीचा खंडोजी खोपडे खानाला मिळाला. त्याच खोऱ्यातल्या कारीच्या कान्होजी जेध्यांनी मात्र वतनावर पाणी सोडले आणि मुलांसह शिवाजी महाराजांची बाजू घेतली. वतन पणाला लावणे म्हणजे पुढच्या सगळ्या पिढ्यांची भाकर पणाला लावणे होते, हे ध्यानात घेतले तरच त्या निर्णयाचे वजन कळते.

वतनदाराचे बळ राज्याला जड जाते, हे महाराजांनी ओळखले होते. देशमुखांचे कोट-हुडे पाडून त्यांनी साध्या घरांत राहावे, असा बंदोबस्त केल्याचे सभासद सांगतो. जपानमध्ये तोकुगावांनी १६१५ मध्ये दर सरंजामदाराला एकच किल्ला ठेवण्याचा हुकूम काढला, त्यामागचा हेतूही हाच. त्याआधी १५८८ मध्ये हिदेयोशीने शेतकऱ्यांची हत्यारे काढून घेतली होती. बहुतेक सामुराई पुढे किल्ल्याच्या गावी राहून तांदळात मोजलेल्या तनख्यावर जगू लागले. तलवार एकाकडे आणि नांगर दुसऱ्याकडे, अशी कायमची वाटणी झाली.

आपल्याकडे ती झाली नाही. राजारामाच्या काळात मोगलांशी झुंजताना माणसे धरून ठेवण्यासाठी वतने पुन्हा मोकळ्या हाताने द्यावी लागली. वतनदार म्हणजे राज्याचे दायादच, असा इशारा ‘आज्ञापत्र’ देते तो या अनुभवातूनच. मावळा मात्र आपल्या खाचरातच राहिला.

याचा परिणाम दूरवर पोहोचला. मेइजी सरकारने १८७६ मध्ये तलवार बाळगण्यास बंदी घातली आणि तनखे रोख्यांत बदलले. पायाखाली जमीन नसलेला तो वर्ग थोड्याच वर्षांत विरून गेला. मराठी राज्य १८१८ मध्ये बुडाले, तरी मावळचा शेतकरी जागेवरच होता. १९२१ मध्ये टाटांच्या धरणात मुळशीची खाचरे जाऊ लागली, तेव्हा तोच सेनापती बापटांबरोबर ‘जान किंवा जमीन’ म्हणत उभा राहिला. धरण झाले आणि जमीन पाण्याखाली गेली.

आज आमच्याकडे उरलेली खाचरे प्लॉट पाडून विकली जातात आणि त्याच पैशातून घेतलेल्या गाडीच्या काचेवर ढाल-तलवार रंगवली जाते. तलवारीचा अभिमान मला समजतो. पण मावळ्याला तलवार उचलायचे बळ ज्या जमिनीने दिले, तिचा सातबारा दुसऱ्याच्या नावे करताना आपण काय विकतो आहोत, याचा हिशेब एकदा घरात बसून मांडायला हवा.