बुजऱ्या माशाला आधी आडोसा

वाईच्या घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. लोक गणपतीची अवाढव्य मूर्ती पाहून परततात, पण या देवळाची खरी करामत मागच्या भिंतीत आहे. ती माशाच्या आकाराची, टोकाला निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की लोंढा त्या टोकावर दुभंगतो आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी पुढे निघून जातो. पाण्याला अडवायचे नाही, त्याला वाट करून द्यायची, ही समज नदीकाठच्या माणसांना होती. नदीतला मासाही असाच राहतो. तो दिवसभर धारेशी झुंजत बसत नाही. धोंड्यामागे जिथे धार मंदावते तिथे थांबतो, आणि खाणे दिसले की तेवढ्यापुरता बाहेर येतो. घरगुती मत्स्यालयाचा इतिहास काचेचा, मिठाचा आणि पंपाचा म्हणून सांगितला जातो. माझे म्हणणे असे की तो तितकाच या धोंड्यामागच्या जागेचा, म्हणजे आडोशाचा इतिहास आहे. वाईसारख्या समुद्रापासून दूरच्या गावात कुणी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आणि नवा मासा चार दिवस कपारीतून बाहेरच आला नाही, तर त्याचे उत्तर नव्या यंत्रात शोधण्याआधी या जुन्या इतिहासात शोधावे.

माशाला माणसाची सवय लावण्याची विद्या आपल्याकडे काचेच्या फार आधीपासून आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, कोणाला काय खायला घालावे, असा तपशील तिथे येतो. हेतू गळाने मासे पकडण्याचा, त्यामुळे त्याला मत्स्यपालनाचा ग्रंथ म्हणता येणार नाही. पण प्रत्येक जातीची भूक आणि राहणी वेगळी असते, हे त्यात स्पष्ट धरलेले आहे. याच्या उलट बाजूला पुण्यकर्माचा रिवाज आहे. कागदावर रामनाम लिहून, ते कणकेच्या गोळीत घालून नदीतल्या माशांना देणारी घरे महाराष्ट्रात पुष्कळ होती. वाईहून महाबळेश्वर ओलांडून आंबेनळी घाटाने कोकणात उतरले की महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड लागते. वरदायिनी देवीच्या या डोहातले महसीर मासे देवीचे म्हणून कुणी धरत नाही. कुरमुरे टाकले की ते उघड्यावर, माणसाच्या पायाशी येतात. तोच महसीर जाळ्याच्या पाण्यात माणसाची सावली पडली तरी खोल जातो. मासा एकाच जातीचा आणि वागणे इतके वेगळे, म्हणजे बुजरेपणा रक्तात असला तरी तो किती दिसावा हे भोवतालचे पाणी ठरवते.

यावर कोणी म्हणेल की वाळणचे मासे धीट झाले ते खाण्यामुळे, त्यात आडोशाचा काय संबंध? पण खाणे तर गळ टाकणाराही देतो. वाळणला खाण्याबरोबर आणखी दोन गोष्टी आहेत. एक, पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली धरू नये ही मर्यादा. दुसरी, डोहाची खोली. वर आलेला मासा शेपटीच्या एका फटक्यात अंधारात जाऊ शकतो, म्हणूनच तो वर येतो. या दोन गोष्टी काढून नुसते कुरमुरे टाकले असते तर ते वाहून गेले असते.

काचेच्या टाकीने नेमकी ही खोली हिरावून घेतली. इंग्लंडात १८४५ मध्ये काचेवरचा कर उठला आणि काच स्वस्त झाली. रॉबर्ट वॉरिंग्टनने १८५० मध्ये दाखवून दिले की पाणवनस्पती, गोगलगाई आणि मासे एकत्र ठेवले तर पाणी दीर्घकाळ निर्मळ राहते. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचे मत्स्यालयावरचे पुस्तक आले. कृत्रिम समुद्रजल बनवण्याची कृतीही त्याने दिली. दिवाणखान्यात समुद्र आणण्याची हौस त्यानंतर भराभर पसरली आणि काही वर्षांतच ओसरली. पाणी नासणे हे त्याचे मोठे कारण होतेच. पण ज्या प्राण्याने आजवर फक्त वरून येणारा उजेड पाहिला होता त्याला चारी बाजूंनी उजेड देणारे भांडे मिळाले, याचा हिशेब त्या काळी फारसा झाला नाही. आपल्याकडे मुंबईच्या सागरकिनाऱ्यावर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. देशावरून मुंबईला गेलेल्या कित्येक कुटुंबांना रंगीत समुद्री मासे पहिल्यांदा दिसले ते तिथेच. समोर समुद्र असलेल्या संस्थेला ते शक्य होते. वाई-सांगलीच्या घराला नव्हते. ते शक्य झाले तयार मिठामुळे. साध्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मिसळले की समुद्र तयार होईल, अशी मिश्रणे १९६० च्या दशकात बाजारात आली. त्याच सुमारास, १९६१ मध्ये, जकार्ताच्या ली चिन एंग याने आणखी एक गोष्ट जगापुढे मांडली, आणि माझ्या मते तिचे मोल मिठाहून जास्त आहे. समुद्रातून आणलेले सजीव सच्छिद्र खडक टाकीत रचायचे आणि हवेचे बुडबुडे सोडायचे, एवढ्यावर त्याच्या टाक्या चालत. खडकातले जिवाणू पाण्यातला अमोनिया निववतात म्हणून ही रीत वाखाणली गेली. ते बरोबरच आहे, पण अर्धे. त्याच खडकातल्या फटींनी माशांना त्यांची कपार परत दिली होती.

हे धरून पाहिले की नव्या माशाला रुळवण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात. दुकानातून आलेला मासा प्लास्टिकच्या पिशवीत कित्येक तास राहिलेला असतो. पिशवीत त्याच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, पाणी आम्लाकडे झुकते, आणि त्यामुळे साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की हा वायू निघून जातो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, तापमान जुळू द्यावे. लांबून आलेली पिशवी उघडी ठेवून तासन्‌तास थेंबथेंब पाणी घालत बसू नये. ही टाकी मोठी, जुन्या माशांची नव्हे; नव्यासाठी वेगळी टाकी मांडावी. क्षारतेत मोठा फरक नको, म्हणून तिच्यातले पाणी आधीच दुकानातल्या पाण्याच्या क्षारतेला आणून ठेवावे. या वेगळ्या टाकीत मासा चार आठवडे तरी ठेवावा, कारण अंगावर पांढरे ठिपके उमटवणारा खाऱ्या पाण्यातला परजीवी पाहुण्याबरोबर येतो आणि सगळी टाकी रिकामी करतो. तिथेही कपार हवीच. पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरतो. पहिल्या दिवशी दिवे बंद असावेत. खाणे थोडे, तेही हलणारे. उबवलेला जिवंत आर्टेमिया, हा कोळंबीसारखा बारीक जीव, पुष्कळदा हट्टी उपाशी माशालाही बाहेर काढतो. फायरफिशसारखा मासा दचकला की थेट टाकीबाहेर उडी मारतो, म्हणून झाकण विसरू नये. वीज गेली तर बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असावा. वाईच्या उन्हाळ्यात पाणी २७ अंशांवर राखणे हेही लहान काम नाही.

मोठ्या टाकीत सोडताना जुन्या माशांचा प्रश्न येतो. कोनराड लॉरेन्झ या शास्त्रज्ञाने १९६३ च्या आपल्या आक्रमकतेवरच्या ग्रंथात प्रवाळातल्या माशांचा दाखला दिला आहे. हे मासे आपापली हद्द राखतात, आणि स्वतःच्या हद्दीत प्रत्येक जण अधिक शूर असतो. नव्या माशाची टाकीत कुठेच हद्द नसते. छोटा निळा डॅमसेलसुद्धा त्याला पळवून पळवून मारू शकतो. म्हणून नवा मासा सोडण्याआधी खडकांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांच्या हद्दी मोडतात आणि सगळेच नव्याने जागा शोधू लागतात. छिद्रे पाडलेल्या पारदर्शक डब्यात नव्याला काही दिवस टाकीतच वेगळे ठेवले तरी डॅमसेलचा जोर उतरतो.

सर्वात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा: इतक्या कपारी दिल्या तर मासा कायमचा दडून राहील, मग टाकी मांडायची कशाला? अनुभवी पाळणाऱ्यांचे निरीक्षण नेमके उलटे आहे. लपायला जवळ जागा असलेला मासा जास्त वेळ उघड्यावर असतो. जागा नसलेला कोपऱ्यात, फिल्टरमागे, काचेला चिकटून राहतो, रंग उतरतो, खाणे सोडतो. टाकीत दोन-तीन शांत, धीट मासे निवांत फिरताना दिसले तर बुजराही लवकर बाहेर पडतो, कारण त्यांच्या फिरण्यातून त्याला धोका नसल्याची खात्री पटते. काही मासे मात्र जन्मभर कपारीच्या तोंडाशीच राहतील, आणि ते मान्य नसेल त्याने तसा मासा आणू नये.

खरा कठीण आक्षेप वेगळा आहे. प्रवाळातला मासा सह्याद्री चढवून वाईला आणावाच का? याला मी सहज उत्तर देऊ शकत नाही, आणि ते तसे असूही नये. जगातले बहुतेक समुद्री शोभेचे मासे आजही थेट समुद्रातून धरले जातात. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची रीत बोकाळली, आणि असा मासा वरून धडधाकट दिसूनही पुढे खात नाही. काही माशांचा ‘बुजरेपणा’ हा विषबाधेचाच भाग असतो. आपल्या सरकारने २००१ मध्ये समुद्रघोडे आणि दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणून टाकीत जिवंत प्रवाळ ठेवण्याचा विचारही करू नये. सिरॅमिकच्या किंवा सच्छिद्र कृत्रिम खडकांच्या कपारी माशाला तेवढ्याच सोयीच्या असतात. मार्ग एकच उरतो, आणि तो चांगला आहे. क्लाउनफिश आता उबवणुकीत तयार होतो. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने भारतात त्याच्या पैदाशीची पद्धत बसवली आहे. टाकीतच जन्मलेल्या या माशाला काच, दिवा आणि दाणेदार खाद्य परके नसते. त्याला रुळायला दिवस लागतात, तर समुद्रातून आलेल्याला कधीकधी महिने.

वाईत, कराडला, सांगलीत ज्यांना खाऱ्या पाण्याची टाकी मांडायची आहे त्यांना एवढेच सांगणे: दुकानदाराला विचारा की मासा उबवणुकीतला आहे की समुद्रातला, त्याला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा, आणि तो खात नसेल तर कितीही सुंदर असला तरी घेऊ नका.