पिवळा कागद, पिवळी जर्सी

जुलै महिना उजाडला की इथल्या टीव्हीवर तीन आठवडे सायकलींचा एक थवा फ्रान्सभर फिरताना दिसतो. आपल्या घरांतून तिकडे फारसे कोणी पाहत नाही. क्रिकेट आणि विम्बल्डन उरकल्यावर वेळ उरला तर. पण हल्ली मंडळातली काही मुले शनिवारी सकाळी सायकल क्लबाबरोबर बाहेर पडू लागली आहेत, आणि त्यांच्या आयांनी आम्हाला गाठून विचारले, "तुम्ही केमिस्ट ना? मग ती टूर द फ्रान्स म्हणजे सगळा औषधांचाच खेळ का हो?" (या देशात केमिस्ट म्हटले की लोक खोकल्याचे औषध मागतात. आम्ही पडलो प्रयोगशाळेतले. ते असो.) प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी १२० वर्षांहून अधिक मागे जावे लागते, आणि तिथे आधी औषध भेटत नाही, भेटतो वर्तमानपत्राचा कागद.

पॅरिसमध्ये त्या काळी 'ल व्हेलो' नावाचे खेळांचे दैनिक निघत असे, हिरव्या कागदावर. संपादक पिएर जिफार. सगळा फ्रान्स तेव्हा ड्रायफस प्रकरणावरून दुभंगलेला होता. ड्रायफस हा ज्यू लष्करी अधिकारी. हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली होती. जिफार त्याच्या बाजूचा, तर त्याच्या पत्राला जाहिराती देणारे काही बडे कारखानदार विरुद्ध बाजूचे. त्यांत मोटारी बनवणारा काउंट द दियों पुढे होता. १८९९ साली राष्ट्राध्यक्षांविरुद्ध रेसकोर्सवर दंगा झाला, त्यात काउंटला अटक झाली. जिफारने त्यावर टीका केली. काउंटसाहेब भडकले आणि त्यांनी मित्रांना घेऊन १९०० साली स्वतःचे दैनिकच काढले, ते पिवळ्या कागदावर. नावात 'व्हेलो' हा शब्द होता तो पुढे कोर्टाने काढायला लावला. उरले नुसते 'लोतो'. संपादक नेमला आंरी देग्रांज. हा पूर्वी वकिलाच्या कचेरीत कारकून होता, आणि १८९३ साली एका तासात ३५ किलोमीटरहून थोडे जास्त अंतर सायकलवर कापून त्याने विक्रम केला होता.

पत्र निघाले, पण खप वाढेना. २० नोव्हेंबर १९०२ रोजी जेवणाच्या टेबलावर जेओ लफेव्र या २६ वर्षांच्या बातमीदाराने कल्पना मांडली. बंदिस्त ट्रॅकवर सहा सहा दिवसांच्या शर्यती लोकप्रिय होत्याच. तशीच शर्यत रस्त्यावर घ्यावी, साऱ्या फ्रान्सला वेढा घालणारी. टप्प्याटप्प्याने जायचे, प्रत्येक टप्प्याची वेळ नोंदायची, आणि सगळ्यांची बेरीज करून ज्याची वेळ सर्वांत कमी तो विजेता. हिशेब आजही तोच आहे. देग्रांज साशंक होता. पैशाच्या चाव्या ज्याच्या हाती होत्या त्या व्हिक्टर गोदे यांनी होकार दिला आणि गाडे पुढे सरकले.

सुरुवातीला नावेच येईनात. मग प्रवेश फी २० फ्रँकवरून १० वर आणली, आणि मागे पडणाऱ्यांनाही दिवसाला ५ फ्रँक भत्ता जाहीर केला. ही रक्कम साधारण मजुराच्या रोजाएवढी. मग ६० जण जमले. १ जुलै १९०३ रोजी दुपारी पॅरिसबाहेरच्या माँझेरों गावी एका कॅफेसमोरून ते निघाले. पहिलाच टप्पा पॅरिस ते लियों, ४६७ किलोमीटर. मुंबईहून निघून एका दमात बेळगावच्या थोडे अलीकडे पोचण्याइतका. रात्रभर, मातीच्या रस्त्याने, गिअर नसलेल्या सायकलवर. सहा टप्प्यांत २,४२८ किलोमीटर. पॅरिसला परतले २१. जिंकला मोरीस गारँ, मूळचा इटलीतल्या आओस्ता खोऱ्यातला, लहानपणी धुराडी साफ करणारा पोऱ्या. दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकापुढे तो जवळजवळ तीन तास होता.

आणि लोतो? खप २५ हजारांवरून ६५ हजारांवर गेला. १९०४ साली ल व्हेलो बंद पडले. म्हणजे शर्यतीने आपले काम चोख केले होते. हे सगळे सांगायचे कारण एवढेच की या शर्यतीत विकायचा माल सुरुवातीपासून एकच होता: माणसांचे हाल. सायकलस्वार जितका धुळीत, चिखलात, रात्री-बेरात्री तडफडणार, तितके सकाळी पिवळे अंक जास्त खपणार. देग्रांजला हे पक्के कळले होते.

दुसऱ्याच वर्षी, १९०४ साली, गोंधळ झाला. रस्त्यावर खिळे, आपल्या गावच्या गड्याला जिंकवण्यासाठी रात्री काठ्या घेऊन उभे असलेले जमाव, स्पर्धकांच्या लबाड्या. डिसेंबरात निकाल फिरला. गारँसह पहिले चारही बाद झाले आणि पाचवा आलेला आंरी कोर्ने, वय जेमतेम २० च्या आसपास, विजेता ठरला. आता ही शर्यत संपली असे देग्रांजने स्वतःच लिहून टाकले होते. अर्थात ती संपली नाही. ती आणखी अवघड झाली.

१९१० साली तिला पिरेनीज पर्वतात नेले. तूर्मालेची खिंड २,११५ मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या कितीतरी वर. पाहणीला गेलेला आल्फोन्स स्तेनेस बर्फात जिवावरच्या संकटातून वाचला, आणि तरी त्याने रस्ता उत्तम असल्याची तार केली. शर्यतीच्या दिवशी ओबिस्क घाटात ऑक्ताव्ह लापीझ सायकल हातात धरून चालत वर आला आणि आयोजकांच्या माणसांना 'खुनी' म्हणून ओरडला. त्या वर्षी जिंकला तोच. (मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोर घाटातल्या पहिल्या मानकऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात ना, तशी 'पर्वतांचा राजा' ही पदवी इथे १९३३ पासून आहे.)

पण आम्हाला सर्वांत जास्त रेंगाळावेसे वाटते ते यूजेन क्रिस्तोफपाशी. १९१३ साल. तूर्माले चढून तो उतरणीला लागला होता आणि शर्यत त्याच्या हातात होती. अशात पुढच्या चाकाचा चिमटा, ज्याला फोर्क म्हणतात, तो मोडला. नियम असा की दुरुस्ती ज्याची त्याने करायची, दुसरी सायकल घ्यायची नाही, कोणाची मदत घ्यायची नाही. क्रिस्तोफने सायकल खांद्यावर टाकली, चाक हातात घेतले आणि दहा-बारा किलोमीटर डोंगर उतरून सेंत मारी द कांपां गावातली लोहाराची भट्टी गाठली. लोहाराने हात लावायचा नाही. त्याने फक्त तोंडाने सांगायचे. शर्यतीचे अधिकारी दारात उभे राहून पाहत होते. क्रिस्तोफने लोखंड तापवले, ठोकले, नळी घडवली, जोड दिला. दोन हातांत काम आणि भात्याला तिसरा हात नाही, म्हणून एका लहान पोराने भाता ओढला. एवढ्यावरून दंड झाला! आधी दहा मिनिटे, मग दया म्हणून कमी. सगळे मिळून चारेक तास गेले होते. त्यात या मिनिटांनी काय फरक पडणार होता? पण फरक पडावा म्हणून तो दंड नव्हताच. तो छापण्यासाठी होता, असे आमचे मत. क्रिस्तोफ तरीही पॅरिसला पोचला, सातवा आला.

महायुद्धानंतर १९१९ साली आघाडीवरच्या स्पर्धकाला ओळखता यावे म्हणून पिवळी जर्सी देण्याची प्रथा पडली. रंग लोतोच्या कागदाचा, असे सांगतात. ती पहिल्यांदा घातली क्रिस्तोफनेच. आणि शेवटून दुसऱ्या टप्प्यात पुन्हा फोर्क मोडला. कादंबरीत लिहिले तर संपादक म्हणेल, एवढे नको. या वेळीही शर्यत गेली. लोतोने त्याच्यासाठी वाचकांकडून वर्गणी काढली आणि देणगीदारांची नावे अंकांतून छापली. वर्गणीदारांची यादी छापण्यातला लाभ आमच्यासारख्या मंडळवाल्यांना वेगळा समजावून सांगायला नको.

आता औषधांकडे. १९२४ साली, आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिए, त्याचा भाऊ फ्रान्सिस आणि मोरीस व्हिल हे तिघे कुतांस गावी शर्यत सोडून बसले. कारण काय, तर जर्सी. पहाटेच्या थंडीत एकावर एक घातलेली जर्सी ऊन चढल्यावर टाकून द्यायची नाही, निघताना जेवढे अंगावर तेवढेच पोचताना हवे, असा नियम. आणि अधिकाऱ्याने आंरीचे कपडे उचकटून मोजणी केली. तिथे त्यांना आल्बेर लोंद्र हा पत्रकार भेटला. लोंद्र आदल्याच वर्षी कायेनच्या काळ्या पाण्यावर, म्हणजे फ्रान्सच्या अंदमानवर, लिहून आलेला. भावांनी त्याच्यापुढे पिशवी उपडी केली: डोळ्यांसाठी कोकेन, हिरड्यांसाठी क्लोरोफॉर्म, मलम, गोळ्यांच्या डब्या. लोंद्रने ते सगळे छापले, अर्थात दुसऱ्या वर्तमानपत्रात. पत्रकाराला आम्ही थोडे बनवलेही, असे फ्रान्सिसने पुढे सांगितले. तसे असेलही. पण डोळ्यात कोकेन घालणे हे वाटते तेवढे अजब नव्हते. १८८४ पासून डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत भूल म्हणून ते वापरतच होते. धुळीने सुजलेल्या डोळ्यांनी ४०० किलोमीटर जायचे असेल तर माणूस हाताला लागेल ते घालतो.

यात लपवाछपवी नव्हती, हे लक्षात घ्या. १९३० च्या नियमपुस्तकात देग्रांजने, उत्तेजक औषधे आयोजकांकडून मिळणार नाहीत, ज्याची त्याने आणावीत, अशा अर्थाची आठवण करून दिली होती. बंदी नाही; फक्त खर्च कोणाचा, एवढाच प्रश्न. त्याच देग्रांजने गिअर बदलण्याचे साधन १९३७ पर्यंत या शर्यतीत येऊ दिले नाही. यंत्राने कष्ट कमी झालेले त्याला चालत नव्हते.

मग आले अँफेटामिन. १८८७ साली बर्लिनमध्ये प्रथम तयार झालेले हे द्रव्य दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना जागे ठेवण्यासाठी दिले गेले आणि तिथून सायकलवाल्यांकडे पोचले. ते शक्ती देत नाही. थकव्याची सूचना देणारी घंटा तेवढी बंद करते, वर अंगातली उष्णता वाढवते आणि ती बाहेर पडण्याची वाट अरुंद करते. १३ जुलै १९६७ रोजी मों व्हांतूच्या उघड्या बोडक्या चढणीवर, कडक उन्हात, माथा सव्वा-दीड किलोमीटरवर असताना टॉम सिम्प्सन कोसळला. त्याला उठवून पुन्हा सायकलवर बसवले. थोडे अंतर जाऊन तो पुन्हा पडला तो कायमचा. वय २९. पिवळी जर्सी घालणारा पहिला ब्रिटिश, १९६५ चा जगज्जेता, नॉटिंगहॅमशरमधल्या हार्वर्थ या कोळशाच्या खाणीच्या गावात वाढलेला. शवचिकित्सेत अँफेटामिन आणि मद्य सापडले. खिशातही नळ्या होत्या. त्या काळी संघाच्या गाडीतून हवे तेव्हा पाणी घेण्याचीही मुभा नव्हती, ही गोष्ट मात्र कमी सांगितली जाते.

फ्रान्समध्ये तोवर कायदा झालेला होता, १९६५ साली. तो आणणारे क्रीडामंत्री मोरीस एर्झोग, म्हणजे १९५० साली अन्नपूर्णा शिखर सर करून बोटे गमावलेले तेच. १९६६ मध्ये बोर्दोला पहिली तपासणी झाली, तर दुसऱ्या दिवशी सगळे स्पर्धक निषेध म्हणून सायकलवरून उतरून चालू लागले. आपल्या खोल्यांत आणि पिशव्यांत हात घालणारे, आपल्याला घाटात ढकलणारे आणि आता पकडणारे एकाच बाजूचे दिसत होते त्यांना. आम्ही या फसवणुकीचे समर्थन करत नाही. पण त्यांचा राग आम्हाला कळतो.

पुढचा प्रकार आमच्या विषयाच्या जास्त जवळचा. एरिथ्रोपोएटिन, थोडक्यात ईपीओ, हे मूत्रपिंडात तयार होणारे, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवणारे संप्रेरक. १९८५ साली त्याचे जनुक वेगळे काढले गेले, १९८९ पासून ते डायलिसिसवरच्या रोग्यांसाठी बाजारात आले. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा रोगी असेल तर त्या इंजेक्शनची किंमत त्यांना ठाऊक आहे. निरोगी सायकलस्वारांनी तेच टोचून घेतले. प्राणवायू जास्त वाहून नेला जातो खरा, पण रक्त दाट होते आणि गुठळीचा धोका वाढतो. शरीरातले आणि बाटलीतले ईपीओ यांतला फरक पकडायला २००० साल उजाडावे लागले. कारखान्यात ते हॅम्स्टरच्या पेशींत बनते, त्यामुळे रेणूवरच्या शर्करेच्या साखळ्या किंचित वेगळ्या, म्हणून विद्युतभार वेगळा. जेलमध्ये दोघांच्या पट्ट्या वेगवेगळ्या जागी उमटतात. फार देखणी पद्धत आहे. १९९८ साली मात्र असल्या चाचणीची गरजच पडली नाही. फेस्टिना संघाची औषधांनी भरलेली गाडी बेल्जियमच्या सीमेवर पकडली गेली, संघ बाद झाला, इतर काही संघ स्वतःहून घरी गेले, आणि १८९ पैकी ९६ जण पॅरिसला पोचले.

दुसऱ्या वर्षापासून, १९९९ ते २००५, सलग सात वेळा लान्स आर्मस्ट्राँग जिंकला. कर्करोगातून उठलेला माणूस. कागद पुन्हा धडाधड खपले. २०१२ साली त्याची सातही पदे काढून घेतली. १९०४ साली चौघे बाद झाले तेव्हा पाचव्याला बोलावून विजेता केले होते. या वेळी खालच्या क्रमांकांतल्या कोणाला वर घेतले नाही, कारण त्यांतल्याही अनेकांची नावे औषध-प्रकरणांत होती. विजेत्यांच्या अधिकृत यादीत त्या सात वर्षांपुढची जागा कोरी आहे.