पाँपेईचा फोडलेला पादपथ

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें सिंहासनें, रणांगणें आणि तहनामे उभे राहतात. परंतु नगराचें नित्याचें जीवन ज्यांवर चालतें त्या गोष्टी बहुधा भुईखालीं असतात, आणि त्या बिघडल्याखेरीज नागरिकांस त्यांची आठवण होत नाहीं. दाराशीं ओल येते, हौदावरची धार बारीक होते. मग पहारी घेऊन माणसें येतात आणि चांगला घातलेला पादपथ फोडूं लागतात. हा देखावा आजच्या कोणत्याही शहरांत दिसतो. पण त्याचा फार बोलका असा जुना पुरावा इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांत सांपडला आहे.

पाँपेईला पाणी उंचावरून येई. नगराच्या उत्तरेस, व्हेसुव्हियस दरवाज्यापाशीं, सर्वांत उंच जागीं विटांचें एक जलगृह होतें. कालव्याचें पाणी तेथें येऊन तीन वाटांनीं नगरांत उतरे. नगराचा उतार मोठा. तेव्हां पाण्याचा सगळा जोर नळांवर पडूं नये म्हणून ठिकठिकाणीं सुमारें वीस फूट उंचीचे खांब उभारून त्यांच्या माथ्यावर शिशाच्या टाक्या बसविल्या होत्या. पाणी टाकींत चढे, तेथें त्याचा जोर मोडे, आणि मग तें सार्वजनिक हौदांकडे, स्नानगृहांकडे व सधनांच्या वाड्यांकडे जाई. असे हौद चाळिसांच्या आसपास उजेडांत आले आहेत.

नळही शिशाचेच. शिशाचा पत्रा दांड्याभोंवतीं वळवून त्याचा सांधा डाक देऊन बंद करीत. रस्त्याच्या मध्यभागीं लाव्हाच्या जाड फरशा आणि त्यांवर गाड्यांची वर्दळ. नळ बहुधा पादपथाच्या बाजूनें, फारसे खोल न पुरतां नेलेले असत. पादपथाचा पृष्ठभाग कोठें नुसत्या चोपलेल्या मातीचा, तर कोठें चुन्यांत विटांची भुकटी कालवून घटविलेला असे. जुन्या वाड्यांतील सुरखी-चुन्याचा कोबा ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस याची कल्पना सहज येईल. हा पृष्ठभाग घरोघर बदलतो, ही लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आहे. रोम शहरापुरता जो नियम कांशाच्या पत्र्यावर कोरलेला उरला आहे, त्याप्रमाणें घरासमोरील रस्त्याची निगा घरमालकानें राखावयाची असे. पाँपेईंतही तोच प्रघात असावा. म्हणजे वर मालकाच्या पैशाचा कोबा आणि खालीं साऱ्या नगराचें पाणी, अशी ही दुमजली मालकी होती. नळ फुटला कीं या दोहोंची गांठ पडे.

सुमारें इ. स. ६२ मध्यें मोठा भूकंप होऊन पाँपेईची पुष्कळ पडझड झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील उत्खननांत कांहीं गल्ल्यांच्या पादपथांत लांबच लांब चर आढळले. नळ नव्यानें घालण्यासाठीं ते खणलेले होते, आणि ते बुजविलेले नव्हते. त्यांत मातीऐवजीं ज्वालामुखीनें उधळलेले हलके दगड भरले होते. उद्रेकाच्या दिवशीं ते उघडे होते, याहून निराळा अर्थ त्यांतून निघत नाहीं. याच भागांतील एका घरांत रंगारी भिंत रंगवीत असतांना काम टाकून गेले. त्यांचीं रंगांचीं भांडीं तशींच राहिलीं.

या उघड्या चरांचें महत्त्व केवळ कुतूहलापुरतें नाहीं. अमेदेओ माइउरी या थोर उत्खननकर्त्यानें १९४२ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, भूकंपानंतर जुनीं घराणीं मागें पडलीं, नगर व्यापाऱ्यांच्या हातीं गेलें आणि त्यास उतरती कळा लागली. हें मत पुष्कळ काळ मान्य होतें. पण ज्या नगरानें आशा सोडली तें पादपथ कशाला फोडील? नळ बदलण्याचा खर्च पुढें अनेक वर्षें येथेंच राहावयाचें आहे असें मानणाराच करतो. भूकंपास सतरा वर्षें लोटल्यावरही दुरुस्ती चालूच होती, हें शैथिल्याचें लक्षण नव्हे काय, अशी शंका कोणी घेईल. त्यास उत्तर असें कीं, उद्रेकापूर्वीं आणखीही धक्के बसले असावेत, असें आतां अनेक संशोधक मानतात. म्हणजे तें खणणें जुन्या आळसाचें नसून ताज्या जखमेवरील उपचाराचें असूं शकेल.

पाँपेईचा चर मुका आहे. रोमच्या चरांविषयीं बोलणारा साक्षीदार आपणांस लाभला आहे. सेक्स्टस ज्यूलियस फ्रॉन्टिनस हा इ. स. ९७ मध्यें रोमचा जलाधिकारी झाला आणि त्यानें नगराच्या नऊ कालव्यांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या हाताखालीं दोन पथकें होतीं. एकांत सुमारें २४० व दुसऱ्यांत ४६० गुलाम. त्यांत टाक्यांवरील राखणदार, गस्तवाले व गिलावा करणारे होतेच; शिवाय फरसबंदी करणाऱ्यांचा एक वर्गही होता. रस्ता उचलून पुन्हां बसविणें हें रोमनांनीं पाणीखात्याचेंच काम मानलें होतें.

या खणण्यांतून गळतीबरोबर चोरीही उघडकीस आली. नगरभर फरसबंदीखालून चोरटे नळ गेले होते. लांच घेऊन पाणीखात्याचेच नोकर मुख्य नळास भोकें पाडून देत. ते नळ उपटल्यावर किती शिसें हातीं आलें, हें फ्रॉन्टिनस समाधानानें नमूद करतो. कायदाही कडक होता. इ. स. पूर्व ९ च्या कायद्यानें सार्वजनिक नळ जाणूनबुजून फोडणारास एक लक्ष सेस्टर्स दंड ठेवला, आणि फोडलेलें पूर्ववत् करून देण्याची सक्तीही केली. त्याआधीं इ. स. पूर्व ११ च्या ठरावानें नगरांतील भूमिगत कालव्यांच्या दोहों बाजूंस पांच पांच फूट जागा मोकळी ठेवावयाची होती; तेथें ना बांधकाम, ना झाड, कारण झाडांचीं मुळें कालव्यास चिरा पाडतात.

या पांच फुटांचा अर्थ मला मोठा वाटतो. आपलें काम अभेद्य आहे, असें रोमन स्थापत्यकारांनीं मानलें नाहीं. पाणी कधींतरी झिरपेल, माणसास तेथवर पोंचावें लागेल, हें त्यांनीं बांधतांनाच गृहीत धरलें. आज आपण सबंध रस्ते काँक्रीटनें मढवितों आणि खालील नळाची गळती कळली कीं तेच फोडतों. मग खणणाऱ्यावर रागावतों. दोष त्या पहारीचा नसतो. उघडण्याची वाट न ठेवतां जो जमीन बंद करतो, त्यानें तो खर्च पुढच्या पिढीच्या नांवें लिहून ठेवलेला असतो.