भारतातील आतिथ्य-शिक्षणाचा उगम : अन्नटंचाई ते पर्यटन

प्रस्तावना

पर्यटन व आतिथ्य व्यवस्थापन हा आज विद्यापीठीय शिक्षणातील मान्यताप्राप्त विषय आहे. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत त्याचे पदवी व पदविका अभ्यासक्रम चालतात. काही ठिकाणी पर्यटनाची अभ्यासपत्रिका इतिहास विभागाकडेच सोपविलेली असते. या विषयाकडे सामान्यतः परकीय चलन, रोजगार आणि तारांकित हॉटेले यांच्या संदर्भात पाहिले जाते. त्यामुळे हे शिक्षण पर्यटन उद्योगाच्या गरजेतून जन्माला आले, असा समज रूढ झाला आहे. भारतापुरते पाहता हा समज इतिहासाला धरून नाही. आपल्याकडे या शिक्षणाचा उगम अन्नटंचाईत आहे आणि त्याची पहिली संस्था एका महिला संघटनेने उभारली. या उगमाचा, तसेच पुढे त्याचा विसर कसा पडला याचा, आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश होय.

पाश्चात्त्य पार्श्वभूमी

हॉटेल व्यवसायाचे पद्धतशीर शिक्षण युरोपात प्रथम स्वित्झर्लंडमध्ये सुरू झाले. लोझान येथील हॉटेल विद्यालय १८९३ मध्ये स्थापन झाले. आल्प्समध्ये येणाऱ्या प्रवाशांच्या वाढत्या संख्येला प्रशिक्षित सेवकवर्ग हवा होता आणि ती गरज हॉटेलमालकांनीच ओळखली होती. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९२२ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू केला, तो मात्र गृहविज्ञान शाखेच्या अंतर्गत. म्हणजे विद्यापीठात या विषयाचा प्रवेश व्यापारशिक्षणाच्या दाराने झाला नाही. स्वयंपाकघर, आहार व गृहव्यवस्था यांच्या अभ्यासातून झाला. भारतातील घडामोडी समजून घेण्यास हा मुद्दा उपयुक्त ठरतो.

अन्नटंचाई आणि मुंबईतील संस्था

१९४३ हे बंगालच्या भीषण दुष्काळाचे वर्ष. त्याच वर्षी मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. १९४७ च्या फाळणीने गहू व तांदूळ पिकविणारा मोठा प्रदेश देशाबाहेर गेला आणि स्वतंत्र भारताच्या शासनापुढे धान्याचा प्रश्न उग्र रूपाने उभा राहिला. कन्हैयालाल मुनशी हे १९५० ते १९५२ या काळात केंद्रीय अन्न व कृषिमंत्री होते. त्यांच्या पत्नी लीलावती मुनशी या गुजराती लेखिका व स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्त्या. त्यांच्या नेतृत्वाखाली महिलांच्या अन्न परिषदेने 'अन्नपूर्णा' नावाची उपाहारगृहे चालविली. शिध्यावर मिळणाऱ्या धान्यावाचूनही पोटभर व पौष्टिक खाणे मिळू शकते, हे लोकांना प्रत्यक्ष दाखवून देणे हा त्यांचा हेतू होता.

याच परिषदेने १९५४ मध्ये मुंबईत, अंधेरी येथील भवन्स महाविद्यालयाच्या परिसरात, केटरिंगचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. पुढे ती दादरला स्थलांतरित झाली व 'दादर केटरिंग' या नावाने परिचित झाली. तिच्या अधिकृत नावात हॉटेल व्यवस्थापन आणि केटरिंग तंत्रज्ञान यांच्या जोडीला 'उपयोजित पोषण' हा शब्दप्रयोग आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने या नावाकडे एक साधन म्हणून पाहावयास हवे. ज्या काळात मोजक्या धान्यात अनेकांना पुरेसे व सकस अन्न कसे द्यावे हा राष्ट्रीय प्रश्न होता, त्या काळाची खूण या नावात टिकून आहे.

दोन स्वतंत्र प्रवाह

पर्यटनाचा शासकीय विचार याच सुमारास, परंतु वेगळ्या मार्गाने चालला होता. १९४५ मध्ये भारत सरकारने पर्यटनाविषयी सर जॉन सार्जंट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९४४ च्या शिक्षणयोजनेमुळे शिक्षणक्षेत्राला परिचित असलेले ते हेच सार्जंट. स्वातंत्र्यानंतर पर्यटनाचे काम प्रारंभी वाहतूक मंत्रालयाकडे राहिले. १९६६ मध्ये भारतीय पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. केटरिंगच्या संस्था मात्र अन्न खात्याच्या छत्राखाली होत्या. एक प्रवास पाहणारा, तर दुसरा पोट पाहणारा, असे हे दोन प्रवाह सुमारे तीन दशके समांतर वाहत राहिले.

१९८२ मध्ये ते एकत्र आले. दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धा व पहिले राष्ट्रीय पर्यटन धोरण या दोन्ही घटना त्याच वर्षाच्या. केटरिंग संस्था पर्यटन विभागाकडे आल्या आणि त्यांच्या अभ्यासक्रमांच्या नियमनासाठी राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. १९८३ मध्ये भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था अस्तित्वात आली. पुढे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या सहकार्याने या शिक्षणाला पदवीचे स्वरूप मिळाले. या बदलाने विद्यार्थ्यांना रोजगार व प्रतिष्ठा दिली, हे निर्विवाद आहे. परंतु पाहुण्याची व्याख्याही त्याबरोबर बदलली. टंचाईच्या काळातील सामान्य नागरिकाची जागा खोलीचे भाडे भरू शकणाऱ्या पर्यटकाने घेतली.

अभ्यासक्रमाबाहेर राहिलेले ज्ञान

मुंबईच्या गिरणगावात कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगारांचे जेवण खाणावळवाल्या बायकांच्या हातचे होते. लहानशा खोलीत दोन वेळा अनेकांचा स्वयंपाक करणे, महिन्याचा हिशेब ठेवणे, उधारी सांभाळणे हे आतिथ्य व्यवस्थापनच होते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या माध्यमातून या स्त्रियांना संघटित केले व त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम केले. ज्या दादर परिसरात केटरिंगचे शास्त्रशुद्ध शिक्षण दिले जात होते, त्याच्या लगतच्या वस्तीत हे अनुभवसिद्ध ज्ञान नांदत होते. तथापि, व्यवस्थापनशास्त्राच्या रूढ चौकटीत खाणावळीला फारसे स्थान मिळाले नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, भारतात आतिथ्य-शिक्षणाची पायाभरणी पोषण, काटकसर आणि स्त्रियांचे सार्वजनिक कार्य यांवर झाली. पर्यटनाशी त्याचा सांधा नंतर जुळला. हा क्रम विसरल्यास हा विषय केवळ सेवाकौशल्यांपुरता उरतो आणि त्यातील इतिहासाची अभ्यासपत्रिका स्मारकांच्या यादीपुरती. इतिहास विभागांनी या अभ्यासक्रमांत अजिंठा-वेरूळ व गडकोट यांच्याबरोबरच धर्मशाळा, खाणावळी, इराण्यांची हॉटेले व शिधावाटपाचा काळ यांनाही स्थान द्यावे. गिरण्या बंद पडल्या, तशा खाणावळीही ओसरत गेल्या. त्या चालविणाऱ्या स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्या मौखिक मुलाखती नोंदविण्याचे काम पदवीचे विद्यार्थीही करू शकतात. मात्र ते काम याच पिढीत व्हावयास हवे. पुढील पिढीला ते करता येणार नाही.