यंत्र गेले, भाषा राहिली : जुन्या संगणकीय खेळांच्या पुनर्वाचनाचा इतिहास

हस्तलिखित वाळवीपासून वाचले म्हणजे ते टिकले, असे आपण सामान्यतः समजतो. परंतु त्याची लिपी वाचणारा कोणी उरला नाही, तर ते टिकूनही मुकेच राहते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी रुमाल हाताळणाऱ्या अभ्यासकांना हा अनुभव नवा नाही. संगणकावरील जुन्या खेळांची स्थिती याहूनही बिकट होय. कारण त्यांचा पहिला वाचक मनुष्य नसून यंत्र असते, आणि यंत्राची पिढी मनुष्याच्या पिढीपेक्षा फार लवकर सरते. असे खेळ आजच्या यंत्रांवर पुन्हा चालू लागले ते कोणत्या मार्गांनी, याचा विचार प्रस्तुत लेखात भाषाशास्त्राच्या दृष्टीने करावयाचा आहे.

प्रथम अडचणीचे स्वरूप पाहू. १९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएम पीसी या संगणकाचा प्रक्रियक ४.७७ मेगाहर्ट्झ या वेगाने चाले. त्यावरील अनेक खेळांनी कालमापनासाठी घड्याळाचा आश्रय न घेता प्रक्रियकाच्या वेगावरच भिस्त ठेवली होती. पुढे यंत्रे वेगवान होताच हे खेळ इतक्या झपाट्याने धावू लागले की खेळणाऱ्याचा हात त्यांना पुरेना. म्हणून अनेक संगणकांवर ‘टर्बो’ नावाची कळ बसविण्यात आली. नाव वेगाचे, आणि प्रत्यक्ष उपयोग वेग कमी करण्याचा, असा हा अर्थविपर्यासाचा नमुना आहे. त्यानंतरचा अडसर अधिक कठोर ठरला. विंडोजच्या ६४-बिट आवृत्त्या १६-बिट आज्ञावल्या चालवीत नाहीत, आणि २०२१ साली आलेली विंडोज ११ ही प्रणाली तर केवळ ६४-बिट रूपातच मिळते. त्यामुळे डॉस काळातील खेळाची चकती सुस्थितीत असली, तरी तो खेळ या यंत्रावर आपण होऊन सुरू होत नाही.

यावरील पहिला उपाय म्हणजे गतकालीन यंत्राचीच हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली लिहिणे. सार्वजनिक खेळघरांतील यंत्रांसाठी १९९७ साली ‘मेम’ आणि डॉस काळातील संगणकासाठी २००२ साली ‘डॉसबॉक्स’ या आज्ञावल्या अवतरल्या. डॉसबॉक्समध्ये ठराविक काळात किती आज्ञा पार पाडावयाच्या हे ठरविता येते. म्हणजे टर्बो कळीचे कार्य येथे एका आकड्याने साधते. जे खेळ विशिष्ट यंत्राच्या अंगभूत आज्ञांतच लिहिले गेले, त्यांना बहुधा हाच मार्ग मोकळा असतो.

दुसरा मार्ग भाषेतून जातो आणि त्याचा उगम व्यापारी निकडीत आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत टिम अँडरसन, मार्क ब्लँक, ब्रूस डॅनियल्स आणि डेव्ह लेबलिंग यांनी १९७७ ते १९७९ या काळात पीडीपी-१० या मोठ्या संगणकावर ‘झॉर्क’ हा शब्दाधिष्ठित खेळ रचला. १९७९ साली स्थापन झालेल्या इन्फोकॉम कंपनीला तो घरगुती संगणकांवर आणावयाचा होता; परंतु हे संगणक अल्पस्मृतीचे आणि परस्परांहून भिन्न होते. तेव्हा जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी एका कल्पित यंत्राची योजना केली. हेच ‘झेड-मशीन’ होय. सर्व खेळ या कल्पित यंत्राच्या भाषेत लिहावयाचे आणि प्रत्येक खऱ्या संगणकासाठी केवळ एक दुभाष्या तयार करावयाचा, अशी ही व्यवस्था होती. तरीही मूळ झॉर्क इतका विस्तृत होता की त्याचे तीन भाग करावे लागले. त्यांपैकी पहिला १९८० साली प्रसिद्ध झाला.

१९८६ साली ॲक्टिव्हिजनने इन्फोकॉम विकत घेतली आणि १९८९ साली तिचे केंब्रिज येथील कार्यालय बंद झाले. परंतु त्यापूर्वीच हौशी अभ्यासकांनी तिच्या संचिकांचा उलगडा करण्यास आरंभ केला होता. हे काम शिलालेखाच्या वाचनाशी नाते सांगणारे होते. सोळा बिटांच्या एका शब्दात पाच-पाच बिटांची तीन चिन्हे बसविलेली होती, उरलेला एक बिट वाक्यखंडाचा शेवट दाखवी, आणि वारंवार येणाऱ्या पदांसाठी संक्षेप योजलेले होते. ग्रॅहॅम नेल्सन यांनी १९९३ साली ‘इन्फॉर्म’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. तिच्या योगे या यंत्रभाषेत नवे खेळ रचता येऊ लागले, आणि जिचे जनक पांगले होते त्या भाषेत नवे वाङ्मय निर्माण झाले. १९९७ साली तिचे प्रमाणित वर्णनही प्रसिद्ध झाले. एखाद्या भाषेचे व्याकरण लेखनिविष्ट व्हावे, तशीच ही घटना आहे. ते वर्णन हाती असले म्हणजे कोणत्याही नव्या यंत्रासाठी दुभाष्या लिहिता येतो.

चित्रमय खेळांतही असेच घडले. लुकासफिल्म गेम्सच्या ‘मॅनियाक मॅन्शन’ या १९८७ सालच्या खेळासाठी रॉन गिल्बर्ट आणि ॲरिक विल्मंडर यांनी ‘स्कम’ ही संहिताभाषा घडविली. तिचे वाचन करणारी ‘स्कमव्हीएम’ ही आज्ञावली लुडविग स्ट्रिगेउस आणि व्हिन्सेंट हॅम यांनी २००१ साली सुरू केली. तिच्या रचनेत मूळ संहितांमधील प्रमादांवर योजलेले उपाय जागोजागी नोंदविलेले आढळतात. येथे दुभाष्या संपादकाची भूमिका घेतो, आणि पाठचिकित्सेतील जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहतो : मूळ पाठ सदोष असल्यास तो तसाच ठेवावा, की सुधारावा? दोष स्पष्ट नोंदवून मगच सुधारावा, हे ग्रंथसंपादनातील पथ्य येथेही लागू पडते असे वाटते.

हा प्रश्न केवळ मनोरंजनाचा नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात उपलब्ध नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ सालच्या पाहणीत आढळले. असे खेळ ग्रंथालयांनी संशोधकांना दूरस्थ पद्धतीने वापरू द्यावेत, यासाठी मागितलेली कायदेशीर सवलत २०२४ साली तेथे नाकारण्यात आली. उलटपक्षी, झॉर्कच्या तिन्ही भागांची मूळ संहिता २०२५ साली मायक्रोसॉफ्टने मुक्त परवान्याखाली दिली.

या इतिहासातून एक गोष्ट निष्पन्न होते. यंत्राची नक्कल उपयुक्त खरी; पण तिच्यासाठी संपूर्ण यंत्र उभे करावे लागते. जेथे कर्त्यांनी भाषा आणि यंत्र यांची फारकत केली होती, तेथे केवळ व्याकरण जाणून भागले. १९७९ सालचा तो निर्णय चिरंतनत्वासाठी नव्हे, तर विक्रीसाठी घेतलेला होता; तथापि त्यानेच झॉर्कला आपल्या यंत्रांहून दीर्घ आयुष्य दिले. म्हणून ज्यांना आजची संगणकीय निर्मिती पुढील पिढ्यांच्या हाती द्यावयाची आहे, त्यांनी तिच्या प्रती जतन कराव्यातच. परंतु ती ज्या भाषेत लिहिली गेली त्या भाषेचे वर्णन, ती जाणणारे हयात आहेत तोवर, लिहून ठेवण्यास विलंब लावू नये.