फेराराची डचेस: रने द फ्रान्स

इतिहास हुतात्म्यांची नावे जपतो. तडजोड करून जगलेल्यांकडे मात्र संशयाने पाहतो. फेराराच्या डचेसकडे, रने द फ्रान्सकडे, आपणही बहुधा असेच पाहतो.

फ्रान्सचा राजा बारावा लुई याची ही कन्या १५१० मध्ये जन्मली. १५२८ मध्ये तिचा विवाह एर्कोले द एस्ते याच्याशी झाला. तो पोप सहाव्या अलेक्झांडरचा दौहित्र. फेराराचे राज्यही पोपचे मांडलिक. अशा घरात १५३६ मध्ये कॅल्विन टोपणनावाने येऊन गेला आणि पुढे अखेरपर्यंत तिला पत्रे लिहीत राहिला. १५५४ मध्ये पतीने तिला कैदेत ठेवले, मुली मठात धाडल्या. तेव्हा तिने मिस्सा स्वीकारला. कॅल्विनला ही वार्ता जिव्हारी लागली.

पुष्कळांच्या लेखी तिची कथा येथेच संपते. परंतु वैधव्यानंतर, १५६० मध्ये, ती फ्रान्सला परतली आणि माँतार्जीच्या गढीत तिने निराश्रित ह्यूगेनॉटांना आसरा दिला. तिचा जावई, गीझचा ड्यूक, कॅथलिकांचा सेनानी होता. १५६३ मध्ये त्याची हत्या झाली आणि प्रोटेस्टंट उपदेशक त्याला नरकवासी ठरवू लागले. त्या द्वेषाविरुद्ध रनेने खुद्द कॅल्विनला पत्र लिहिले.

शत्रूच्या गोटात जिची लेक नांदते, तिला शत्रूचा सरसकट द्वेष करणे जमत नाही. तिच्या तडजोडीचा न्याय करताना आपण हे पत्रही विचारात घ्यायला हवे.